बाहेरच्या खुर्चीवरून : मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशकांना खुले पत्र

सर्व मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या खोलीच्या दाराबाहेर एक खुर्ची असते. गेली सहा वर्षं मी तिच्यावर बसते आहे. दवाखाने बदलले, डॉक्टर बदलले, खुर्ची तीच. आत माझा धाकटा भाऊ असतो. वय २९. त्याला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे, म्हणजे भावना आवरेनाशा होणं आणि जवळची माणसं सोडून जातील ही सततची भीती. तुम्ही बीपीडी म्हणता, आता आम्हीही म्हणतो. हे पत्र त्याच्या परवानगीने लिहिते आहे. त्याने ते वाचलं, दोन वाक्यं खोडायला लावली आणि एक घालायला लावलं : ‘मी नाटक करत नव्हतो, हे लिही.’ लिहिलं.

तक्रार करायची म्हणून पत्र लिहायला घेतलेलं नाही. थोडी तक्रार आहे, ती ओघात येईलच. मागणं मात्र एकच आहे. तुम्ही त्याला जे शिकवता त्यातलं थोडं आम्हालाही शिकवा.

एका संध्याकाळचं सांगते. त्याचा मेसेज आला, ‘ताई, बोलायचंय.’ मी कामात होते. ‘नंतर बोलू’ एवढंच लिहिलं आणि फोन पालथा ठेवला. दहा मिनिटांनी आलं, ‘तुला त्रास होतोय ना माझा.’ मी पाहिलं नाही. मग ‘बरोबर आहे तुझं.’ मग ‘तू पण बाकीच्यांसारखीच.’ मग शिव्या, त्याच्या तोंडून मी कधी ऐकल्या नव्हत्या अशा. मग ‘सॉरी ताई, सॉरी, तू सोडून मला कोण आहे.’ मग पंधरा मिनिटं काहीच नाही. मग ‘आता कुणालाच त्रास होणार नाही.’ चाळीस मिनिटांत तेवीस मेसेज. त्यात प्रेम, संशय, राग, पश्चात्ताप आणि निरोप, सगळं येऊन गेलं होतं, आणि माझ्याकडून मधल्या वेळात एक अक्षरही गेलं नव्हतं.

मी फोन लावला आणि कुणीही शहाणा माणूस म्हणेल तेच म्हटलं. ‘अरे वेड्या, मीटिंगमध्ये होते मी! एवढं काय त्यात? कशाला डोक्यात काहीतरी घेतोस?’ यातला शब्दन् शब्द खरा होता. पलीकडे तो आणखी कोसळला. खरं कारण कळलं की तो शांत होईल, अशी माझी समजूत. त्याच्या कानावर मात्र वेगळंच पडलं : तुला झालं ते काही झालंच नाही.

समजूत काढणं आणि समजून घेणं हे शब्द दिसायला सख्खे भाऊ. पहिलं आम्हा सगळ्यांना येतं. रडणाऱ्या पोरापासून रुसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत आम्ही सगळ्यांची समजूत काढत आलो. त्यात दुसऱ्याला वाटतंय ते चुकीचं आहे हे आधीच ठरलेलं असतं, ते गोड बोलून बाजूला सारायचं एवढंच काम उरतं. समजून घेण्यात उलटं आहे. त्याला जे वाटतंय ते वाटतंयच, आधी तिथे जाऊन बसायचं, मीटिंगचं मग. आज तसाच मेसेज आला तर मी म्हणते, ‘“नंतर बोलू” वाचून वाटलं असेल की ही पण गेली. फार भीती वाटली असणार.’ आणि थांबते. थांबणं सगळ्यांत अवघड. ताई सोडून चालली आहे, हे मी मान्य केलेलं नसतं. भीती मान्य केलेली असते. बहुतेक वेळा मीटिंगचं सांगायची वेळच येत नाही, तोच विचारतो, ‘काम होतं का?’

तुमच्या भाषेत याला व्हॅलिडेशन म्हणतात, आणि पुस्तकात ते सोपं दिसतं. मला जमायला दीड वर्ष गेलं. अजूनही थकलेली असले की जुनी ताई तोंड उघडते.

हे मला तुमच्यापैकी कुणी शिकवलं नाही, हीच ती तक्रार. त्या संध्याकाळनंतर तो रुग्णालयात होता. तोवर दोन वर्षांत आम्ही ‘रागाचा प्रॉब्लेम’ आणि ‘बायपोलर’ (ज्यात मूडच्या लाटा दिवसच्या दिवस टिकतात) या दोन पाट्या गळ्यात घालून फिरलो होतो. त्याचा मूड तासातासाला पालटतो, आणि दर वेळी मागे कुणाचं तरी बोलणं, न बोलणं, उशिरा येणं असतं, हे मी सांगायला गेले असते तर कदाचित कुणाच्या लक्षात आलं असतं. पण मला विचारलं कुणी? पुरुष रडला की नैराश्य, ओरडला की राग, असा हिशोब असतो बहुतेक. हा आजार बायकांचाच, असं आम्हालाही वाटत होतं. दवाखान्यांत बायका जास्त दिसतात हे खरं, पण समाजात जाऊन केलेल्या मोठ्या पाहणीत स्त्री-पुरुषांच्या प्रमाणात फारसा फरक सापडलेला नाही.

तर त्या रुग्णालयात एका डॉक्टरांनी कागदावर आजाराचं नाव लिहून दिलं, म्हणाले, ‘इंटरनेटवर वाचा.’ आणि दारातून वळून आणखी एक वाक्य टाकलं. ‘अशी माणसं लक्ष वेधून घ्यायला करतात. जितकं लक्ष द्याल तितकं वाढेल.’

मी आज्ञाधारक. पुढचे तीन आठवडे त्याचे फोन मोजूनमापून घेतले, आवाज कोरडा ठेवला. चौथ्या आठवड्यात तो पुन्हा दाखल झाला. कारण तेच होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्याने नंतर सांगितलं, ‘तू बोलायचीस आणि तू तिथे नसायचीस.’

म्हणून पुढे वाचनात एक गोष्ट आली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. १९९९ साली अमेरिकेत हूली आणि हॉफमन या दोघी संशोधकांनी बीपीडीच्या ३५ रुग्णांचा, रुग्णालयातून घरी गेल्यावर, वर्षभर मागोवा घेतला. घरच्यांचं वागणं आणि रुग्णाचं पुढे काय होतं, याचा संबंध त्यांना पाहायचा होता. स्किझोफ्रेनियात घरच्यांची टीका आणि त्यांचं भावनेने अति गुंतणं या दोन्हींमुळे आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे आधीच्या अभ्यासांतून माहीत होतं. इथे टीकेवरून काहीच भाकीत करता येईना. आणि ज्यांच्या घरचे भावनेने जास्त गुंतलेले होते, म्हणजे तुम्ही ज्यांना ‘ओव्हर-इन्व्हॉल्व्ह्ड’ म्हणून नाक मुरडता ते, त्यांचे रुग्ण वर्षभर अधिक बरे राहिले. अभ्यास लहान आहे, ३५ माणसांवरून डोंगर उभा करू नये, एवढं मलाही कळतं. पण ‘लक्ष देऊ नका’ हा सल्ला देताना तुमच्या हाताशी याहून मोठा कोणता आधार होता?

कठोर बोलले का? मग हेही ऐका. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये लुईस आणि ॲपलबी यांनी मनोविकारतज्ज्ञांना रुग्णांची कागदावरची वर्णनं दिली. मजकूर जवळपास एकच, काहींमध्ये फक्त ‘पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान झालेलं’ एवढं जोडलेलं. तेवढ्या जोडामुळे तोच रुग्ण डॉक्टरांना लक्ष वेधणारा, वापरून घेणारा, चीड आणणारा वाटू लागला. माझा भाऊ रुग्णालयाच्या दारात पोचायच्या आधी त्याची फाइल पोचलेली असते. त्याने घालायला लावलेलं वाक्य त्या फाइलीला उत्तर आहे.

इंटरनेटवर मी वाचलं, आज्ञेप्रमाणे. रात्र रात्र वाचलं. निदानाचे निकष नऊ, त्यांतले कुठलेही किमान पाच लागतात. कुणीतरी बसून मोजलंय, अशा जुळण्या २५६ होतात. म्हणजे एकाच नावाचे दोन रुग्ण एकमेकांना ओळखही दाखवणार नाहीत. मी मात्र दर वर्णनात माझा भाऊ शोधत होते आणि दर भयानक गोष्टीत मला तो सापडत होता. ‘अशा माणसापासून पळा’ असं सांगणारे लेख तर ढिगाने. पहाटे तीनला मी तो फोन उशीखाली सारला आणि मला त्याची भीती वाटली, माझ्या पाठीवर बसून मोठ्या झालेल्या पोराची.

नुसत्या माहितीने असं होतं, याचीही नोंद आहे. हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तपासलं, तर बीपीडीबद्दल ज्या नातेवाइकांना जास्त माहिती होती त्यांच्यावर ओझं, नैराश्य, मनस्ताप जास्त होता. संशोधकांची अपेक्षा उलटी होती. माझं मत विचाराल तर यात नवल नाही. पोहायला न शिकवता पाण्याची खोली सांगितली तर दुसरं काय होणार? अशा घरच्यांसाठीच ‘फॅमिली कनेक्शन्स’ नावाचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम उभा राहिला. ॲलन फ्रुझेट्टी आणि पेरी हॉफमन यांनी तो बांधला, आणि शिकवणारे बरेचदा नातेवाईकच असतात, आधी स्वतः शिकून तयार झालेले. त्यात आजाराची माहिती थोडी आणि सराव फार : स्वतःचा पारा कसा ओळखायचा, भांडण तापलेलं असताना काय बोलायचं नाही, ऐकलेलं परत कसं सांगायचं. त्यात भाग घेतलेल्यांचं ओझं कमी झालं आणि आपल्या हातात काहीतरी आहे ही भावना वाढली, हेही मोजलेलं आहे. एवढा मोठा कार्यक्रम तुम्ही सगळ्यांनी उभारावा असं मी म्हणत नाही. चार बैठका घ्या. दोन घ्या.

तुमच्याच घरातला दाखला देते. डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, डीबीटी, ही बोलण्याची उपचारपद्धती मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहॅन यांनी या आजारासाठी घडवली. पहिली मोठी चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की कोवळ्या वयात त्या स्वतः मनोरुग्णालयात राहिल्या होत्या. त्यांच्या उपचाराचे चार पाय आहेत : एकेकट्याशी थेरपी, कौशल्यांचा गट, अडीअडचणीच्या वेळी फोनवर मार्गदर्शन, आणि चौथा पाय थेरपिस्टचा. उपचार करणाऱ्यांनी नियमित एकत्र बसायचं, कारण हे काम करता करता माणूस थकतो, चिडतो, चुकतो. म्हणजे आठवड्यातला एक तास सांभाळणाऱ्यालाही आधार लागतो, हे पद्धतीतच लिहिलंय. आठवड्याचे तास १६८. उरलेले १६७ आमच्याकडे. रात्री दीडला फोनवरचं मार्गदर्शन म्हणजे बहुतेक घरांत मीच, किंवा माझ्यासारखं कुणीतरी, अर्धवट झोपेत, काहीही न शिकलेलं.

लिनहॅन यांची उपपत्ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मात्र मी पुस्तक मिटलं होतं. जन्मतःच हळवा स्वभाव, भावना लवकर पेटणारी, उंच जाणारी आणि विझायला वेळ घेणारी. आणि भोवती ती भावना सतत खोडून काढणारी माणसं. या दोन्हींच्या रेट्यातून हा आजार घडतो, असं ते म्हणणं. मला आठवलं, तो सात वर्षांचा, मित्राने खेळायला घेतलं नाही म्हणून दोन तास रडत होता, आणि मी म्हणाले होते, ‘मुलगा ना तू? एवढ्या-तेवढ्यावरून काय रडतोस?’ मी अकरा वर्षांची होते. नंतर नीट वाचल्यावर कळलं की हा एकतर्फी दोषारोप नाही. मूल तसं म्हणून घरचे तसे वागतात, घरचे तसे वागतात म्हणून मूल आणखी तसं होतं. पण हे कळायला माणूस लागतो, पुस्तक पुरत नाही. तुमच्यापैकी कुणी अर्धा तास दिला असता, तर ते अपराधीपण मी दोन वर्षं एकटीने वाहिलं नसतं.

आता गोपनीयतेबद्दल, कारण तुमचं उत्तर तेच असणार. मान्य आहे. तो काय बोलतो ते मला नको आहे. मला विचाराल तर ते माझ्यापर्यंत पोचूही नये. पण तुम्ही मला काही सांगू शकत नाही याचा अर्थ तुम्ही माझं ऐकू शकत नाही, असा होत नाही. ऐकण्याने कुठलं गुपित फुटतं? आणि त्याला विचारून, त्याच्यासमोर, मोजक्या गोष्टी ठरवता येतातच. आमच्या घरी ठरल्यात. संकटाच्या वेळचा एक कागद आहे : सुरुवातीच्या खुणा कोणत्या, तो स्वतः काय करून पाहील, मग कुणाला फोन करेल, कोणत्या डॉक्टरकडे जायचं, घरातलं काय आधीच दूर ठेवायचं. एक प्रत त्याच्याकडे, एक माझ्याकडे. जीव द्यायचं मनात आहे का, असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे मला चौथ्या वर्षी एका समुपदेशक बाईंनी सांगितलं. तोवर मी घाबरून तो शब्दच टाळत होते, आणि त्याला वाटत होतं की मला ऐकायचंच नाही.

अशीही घरं आहेत जिथे घरच्यांनीच मारलंय, छळलंय, आणि रुग्णाला त्यांचं तोंड पाहायचं नाही. तिथे दार बंदच राहू दे. माझं म्हणणं, दार उघडावं का, हे रुग्णाला एकदा विचारा तरी. सहा वर्षांत माझ्या भावाला ते दोनदा विचारलं गेलं. दोन्ही वेळा तो हो म्हणाला होता.

औषधांबद्दल थोडक्यात. एके काळी त्याच्या गोळ्यांच्या पाच पट्ट्या होत्या, दर भेटीला एक वाढलेली. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, खास बीपीडीवर म्हणून औषध वापरू नये. सोबतच्या आजारांना द्यावं. मूळ उपचार बोलण्याचा. हे आम्हाला आधी सांगितलं असतं, तर ‘गोळ्या घेतोस ना, मग अजून असा कसा वागतोस?’ हा प्रश्न आम्ही त्याला विचारला नसता. आमच्यासारखी घरं हे वाचत असतील तर गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, ते आणखी वाईट.

आणि बरं होण्याबद्दल. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण मला एका तज्ज्ञाच्या तोंडून ऐकावी लागली. मेरी झनारिनी यांच्या अभ्यासात रुग्णालयात दाखल झालेल्या २९० जणांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं निदान दोन वर्षं तरी निकषांच्या खाली राहिली. मात्र लक्षणं जाऊन शिवाय नोकरी-शिक्षण आणि माणसंही नीट जमली, असे निम्मेच. दोन्ही आकडे सांगा आम्हाला. पहिला सांगितला नाही तर धीर सुटतो, दुसरा सांगितला नाही तर लक्षणं ओसरली की आम्ही म्हणतो, झालं, आता लाग कामाला.

मर्यादा आखण्याबद्दल तुम्ही सगळेच सांगता, ‘बाउंडरी ठेवा’. कशी, ते कुणी सांगत नाही. आम्ही ठेवली ती अशी. तो शांत असताना मी त्याला म्हटलं, ‘रात्री शिव्या सुरू झाल्या तर मी फोन ठेवीन. जिवावरचं असेल तर कागदाप्रमाणे, ते वेगळं. नाहीतर फोन ठेवीन आणि सकाळी आठला स्वतःहून करीन.’ पहिल्याच आठवड्यात वेळ आली. मी फोन ठेवला. रात्रभर जीव मुठीत. आणि पहाटे डोळा लागला तो आठ वीसला उघडला. त्या वीस मिनिटांत त्याने माझा नंबर ब्लॉक केला होता. माझी मर्यादा कामाची होती की नाही हे फोन ठेवण्यावर ठरणार नव्हतं, आठला तो करण्यावर ठरणार होतं, आणि तिथेच मी नापास झाले. मी माफी मागितली, कारणं न देता. दोन दिवसांनी नंबर सुटला. पुढच्या वेळी दोन गजर लावले. आता रात्री तोच म्हणतो कधीकधी, ‘ताई, ठेव तू. आठला बोलू.’

त्याच्या सध्याच्या डॉक्टरांच्या हाती हे पत्र पडलं तर एक सांगायचं आहे. गुरुवारी पावणेपाचची त्याची वेळ आहे. शेवटची दहा मिनिटं ताईला आत घ्याल का, असं त्याला तुम्हाला विचारायचं आहे. गेल्या तीन भेटींत त्याने ते विचारलं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर, म्हणून. मी बाहेर असेनच.

आपली,
एका रुग्णाची ताई